सोबत गेलेलं फोल्डर

"माझ्याच कोडमुळे दुर्बीण उलटी फिरली, सॉरी," मकरंद वेधशाळेच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला.

"तपासून देत जा की रे," ईशानीने वर सुनावलं.

तो संचालकांना सांगायला गेल्यावर तिने सहज आपलं सकाळचं कमिट, म्हणजे तिने चढवलेल्या बदलांची नोंद, उघडलं. बदल तिने एकाच ओळीत केला होता, पण सोबत मकरंदच्या कोडचं वेगळं फोल्डरही गेलं होतं. त्यातली त्याची अर्धवट आवृत्ती तिने कुतूहलाने लावून बघितली होती. जुनी परत लावायची राहिली आणि 'सगळे बदल घे' म्हणताना तिने यादी वाचलीच नाही.

ती उठून धावली. मकरंद तोवर संचालकांच्या दाराशी पोहोचला होता.

"थांब! अर्धवट कोड मीच चढवला. आत मी जाते."

"मग 'तपासून देत जा' कुणाला म्हणालीस?"

"मलाच म्हणायला हवं होतं," असं म्हणत तिने वर न बघताच दार ढकललं.