चकतीवरची पट्टी

"पुन्यांदा पावडर?" हरणाबाईनं पुढं आलेला डबा हातानं मागं ढकलला. "मागल्या खेपेला लावली, तर हापिसातला कारकून म्हनतोय, ही बाई तुमी न्हाईच."

तिनं दोन फोटो नाथाजीच्या काउंटरवर टाकले. एकात लुगड्याचा पदर होता आणि पदराच्या आत नुसता अंधार. दुसऱ्यात राख फासल्यासारखं तोंड. नवऱ्यामागची मिलिटरीची पेन्शन या दोन फोटोंपायी तीन महिने अडून बसली होती.

पलूसमधल्या आपल्या स्टुडिओत नाथाजीला उलट बोललेलं खपत नसे. त्यानं फोटोंकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"क्यामेरा काय खोटं बोलतोय व्हय, हरणाबाई? जो रंग हाय त्योच उतरतोय. तुमच्या आळीतल्या समद्यांचं ह्येच हाय. मी काय करू?"

दीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. हरणाबाईची ही लेक साताऱ्यात फोटो छापायच्या कामावर होती. रजा टाकून आईबरोबर आली होती. रोज शेकडो तोंडं तिच्या हाताखालून जायची. त्यांत तिच्या आईपेक्षा काळी कितीतरी असायची, पण कुणाचे नाकडोळे हरवल्याचं तिनं पाहिलं नव्हतं.

"काका, निगेटिव्ह दाखवा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"दाखवा तर."

तिनं ती दाराच्या उजेडात धरली. सगळी पातळ, जवळजवळ काचेसारखी. आईच्या शेजारच्या चौकटीत एक गोरापान पोरगा होता, तोही तसाच. म्हणजे रंगाचा प्रश्नच नव्हता. उजेडच कमी पडला होता, सगळ्यांनाच.

"रोल कितीचा घालता?"

"शंभराचा. हितं स्टुडिओत शंभराचाच."

"आन क्यामेऱ्यावर आकडा?"

नाथाजीनं क्यामेऱ्याकडे बघितलं. आकड्यांच्या चकतीवर चिकटपट्टी होती, कडा मळून काळ्या झालेली. दीक्षानं परवानगी मागितली नाही. नखानं ती टरकावली. खाली चारशे.

"रातच्या वरातीला चारशेचा घातला हुता," नाथाजी पुटपुटला. "गर्दीत आकडा हलू ने म्हनून पट्टी लावली..."

"कवा?"

"वैशाखात."

दहा महिने! चारशेचा रोल थोड्या उजेडात भागवतो, शंभराच्याला चौपट लागतो. आत शंभराचा रोल घालून हा शहाणा क्यामेऱ्याला चारशेचाच आहे असं सांगत होता, आणि क्यामेरा निमूटपणे उजेड तोडत होता. गोऱ्यांचे फोटो सावळे आले, त्यांना पावडर पुरली. सावळ्यांची तोंडंच गेली. तरी एकानंही तक्रार केली नाही. जो तो घरी जाऊन आरशात बघून गप्प बसला.

"धा म्हैनं लोकांच्या तोंडाला पावडर फासताय, आन दोष आमच्या आळीला?" दीक्षाचा आवाज चढला तशी शेजारच्या रसवंतीवरची माणसं आत डोकावू लागली. "आपलं काय चुकलं आसंल, आसं एकदा तरी वाटलं का तुमाला?"

मान खाली घालून नाथाजीनं चकती शंभरावर आणली, दिवे लावले आणि क्यामेऱ्यातल्या काट्याकडे बघत उजेड वाढवला. हरणाबाई खुर्चीत बसली. पदरानं तोंड खसाखसा पुसलं आणि समोर बघितलं. खटका वाजला.

"ह्यो झ्याक यील बगा, मावशी," नाथाजी म्हणाला. मघापासून ती हरणाबाई होती.

ती उठली नाही. खुर्चीच्या लाकडी हातावरून हात फिरवत राहिली.

"दिवाळीत मालक हितंच बसलं हुतं," ती म्हणाली. "म्हातारपनीचा तेवडाच फोटू हाय त्येंचा. घरात हार घातलाय. निस्ती टोपी दिसतीया."

नाथाजीनं पावडरचा डबा उगाच उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"त्येस्नी आता परत कुटं बसवू, सांग की."