शेवटचा युजर

व्हॉइस मेसेजच्या ॲपचं जुनं व्हर्जन बंद करायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं, कारण ते लिहिलंही त्यानेच होतं. एक बटण दाबून अपडेट केलं की जुने मेसेज आपोआप नव्या व्हर्जनमध्ये जात होते. बाकी सगळे युजर कधीच नव्यावर गेले. वर्षभर सूचना पाठवूनही एकच युजर जागचा हलत नव्हता.

"एका माणसासाठी अख्खा सर्व्हर पोसतोय आपण!" बॉस वैतागली.

"असेल कुणी म्हातारंकोतारं," तो हसला. "बटण सापडत नसेल." आणि त्याने जुना सर्व्हर बॅकअपसकट पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. "अरे, तुझ्या बाबांचा तो मेसेज लागतच नाहीये. 'दूध घेऊन येतोय, दार नुसतं लोटून ठेव' म्हणतात ना, तो. ते गेल्यापासून रोज चहा पिताना ऐकते मी."

"आई, अगं वर्षभर ते ॲप अपडेट करा, अपडेट करा म्हणून सांगत होतं ना!"

"सांगत होतं की. पण मला विचारल्याशिवाय फोनमध्ये काहीही दाबायचं नाही, असं तूच बजावलं होतंस. आणि विचारायला फोन करावा, तर तू सदा कामात."

त्याने लॅपटॉप उघडून बॅकअपचं फोल्डर पाहिलं; ते रिकामं होतं.



"बरं, आज सापडलायस तर सांग. दाबू का आता ते बटण?"