मुठीतला पाव

श्वासाची नळी दातांत धरून कुंदा होडीच्या शिडीवरून पाण्यात उतरत होती, तेव्हा नवरा वरून विचारत होता, "अगं, चकल्यांचा डबा कुठल्या पिशवीत आहे?"

तोंडात नळी असल्यामुळे तिला बोलता आलं नाही, याचंच तिला बरं वाटलं. सहलीचा तिसरा दिवस होता. बाहेरचा चहा घरात कुणालाच चालत नाही, म्हणून इथे भाड्याच्या खोलीतही पहाटे उठून गॅस पेटवायची पाळी तिचीच. पाणी डोक्यावरून गेलं आणि वरचे सगळे आवाज बंद झाले. खाली फक्त तिच्या श्वासाचे बुडबुडे होते. आखडलेले खांदे कधी सैल पडले, तिला कळलंही नाही.

तेवढ्यात सोबतच्या पाणबुड्याने तिच्या हातात पावाचा तुकडा दिला. व्हिडिओत मासे दिसावेत म्हणून तो सगळ्याच पर्यटकांना देत असे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे पंगतीला बसल्यासारखे तिच्याभोवती जमले आणि तिच्या हाताकडे बघत राहिले. पाणबुड्या कॅमेरा रोखून खुणावत होता, सोडा, सोडा. कुंदाने मूठ घट्ट मिटली. थोडा वेळ वाट बघून मासे निघून गेले.

ती वर आली, तेव्हा तिच्या बोटांमधून पावाचा लगदा गळत होता.

"हे काय, माशांना घातला नाहीस?" नवऱ्याने विचारलं. "व्हिडिओ फुकट गेला की."

"सुट्टीवर आलेय मी," ती म्हणाली.

चकल्यांचा डबा मग त्याने आपला आपणच शोधला.