सर्जेरावांचा होकार

चाकांखालची लिंबं फुटली आणि गाडी ट्रॅकवर निघाली. आत एकटे सर्जेराव. पहिल्या फेरीला शेजारी कुणी बसायचं नाही, हा त्यांचा दंडकच होता. फैझल बाहेर उन्हात उभा राहिला.

गाडी मोठी झोकदार होती. लाल, बुटकी, उभी असली तरी पळतेय असं वाटावं. पण समोरून सुसाट गेली तरी कुंपणावरचा कावळासुद्धा उडाला नाही. करणार काय? धुराचा नियम आला, फिल्टर बसला. आवाजाचा नियम आला, सायलेन्सर बदलला. दोघांनी मिळून इंजिनाचा गळाच आवळला. आता एवढ्या हौसेनं स्पोर्ट्स कार घेणारा माणूस काय पंख्याची घरघर ऐकायला घेतो? म्हणून कंपनीनं तोडगा काढला. बाहेर मांजर, आत वाघ! आवाज यायचा तो स्पीकरमधून, फक्त बसणाऱ्यापुरता. आणि तो वाघ घडवायचं काम फैझलकडे.

तीन वर्षं त्यानं दुसरं काही पाहिलं नव्हतं. शर्यतीच्या जुन्या गाड्या शोधून त्यांचे आवाज टिपले, कापले, पुन्हा जोडले. विश्रांतवाडीच्या घरात सुट्टीच्या दिवशीही तेच. "अरे, या घरात माणसं राहतात की ट्रक?" असं त्याची अम्मी विचारायची. एवढं करून दोनदा गाडी सर्जेरावांपुढे गेली आणि दोनदा त्यांनी मान हलवली. "जीव नाही रे यात." संपलं! सर्जेरावांची सगळी हयात शर्यतीच्या गाड्यांत गेलेली. त्यांनी होकार दिल्याशिवाय कंपनीत कुठल्याच गाडीचा आवाज पास होत नसे.

"आज तिसऱ्यांदा नकार आला, तर हे काम परदेशी जाईल," श्रीनिवास म्हणाले. ते फैझलचे साहेब. आवाज न चढवता बोलायचे, म्हणून जास्तच लागायचं. "तुम्ही मग मोबाइलच्या रिंगटोन करा. त्यांनाही मागणी असते म्हणे."

फैझलची नजर लाल ठिपक्यावर होती. वाघोलीच्या पलीकडच्या त्या मोकळ्या ट्रॅकवर ठिपका वळत होता, लांबत होता, जवळ येत होता. आत काय वाजतंय हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. कळू नये, असाच तर कायदा होता.

गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. सर्जेरावांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"फैझलराव, हाच!" ते ओरडले. त्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या गावाला हाक मारल्यासारखं असे. "हाच तो आवाज! पाठीच्या कण्यात शिरला बघ. जिंकलास, पोरा!"

श्रीनिवासांनी तिथल्या तिथे वर फोन लावला. कुणी फैझलची पाठ थोपटली, कुणी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. हसावं की रडावं, त्याला कळेना. आनंद अगदी मावेनासा झाला होता.

"ये, बस," सर्जेरावांनी शेजारचं दार उघडलं. "तुझी करामत तुलाच ऐकवतो."

तो बसला. गाडीनं वेग घेतला. फैझल वाघाची वाट पाहू लागला. आली ती टायरांची सळसळ. एसीचा वारा. डॅशबोर्डमध्ये कुठेतरी एक स्क्रू टिकटिकत होता. बस, एवढंच. त्यानं खाली पाहिलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. आवाजाचं बटण बंद होतं!

मघाशी पूजेच्या वेळी गाडी चालू होती, दारं उघडी होती. स्पीकरच्या गुरगुरण्यात आरती बुडायला लागली, म्हणून त्यानंच ते बंद केलं होतं. मग हातावर खोबरं-साखर आली, आणि राहूनच गेलं. म्हणजे पहिल्या फेरीतही इथे काही वाजलं नव्हतं. गेल्या आठवड्यात सीटखालचं रबर तेवढं बदललं होतं, त्यामुळे आता इंजिनाची थरथर पाठीत चढत होती.

त्यानं सर्जेरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा तृप्त दिसत होता. बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती.

गप्प बसला असता तर सगळं मिळालंच होतं. एका बोटानं बटण दाबायचं की झालं. कुणाच्या बापाला कळणार होतं? पण फैझलचा जीव तुटला. या माणसाच्या एका होकारासाठी त्यानं तीन वर्षं घातली होती. असा होकार त्याला नको होता.

"काका," तो म्हणाला, "आवाज बंद आहे."

सर्जेराव रस्त्याकडे बघत हसत होते.

"काका!" फैझलनं आवाज चढवला. "चूक माझी झाली. चालू करायचाच राहिला. आत्ता काहीच वाजत नाहीये!"

सर्जेरावांनी गिअर टाकला, पाय दाबला आणि खुशीत स्टिअरिंगवर थाप मारली.

"आणि हे नियमवाले काय सांगतात माहितीये, फैझलराव? म्हणे, असल्या आवाजानं माणसाचे कान जातात!"