मुठीतल्या दोन बाटल्या

आकाराम सरांनी घागरीत हात घातला, तेव्हा त्या हाताच्या बदल्यात त्यांना मिळणार होती दूध संस्थेच्या माडीवरची खोली. वर त्यांच्या नावाच्या ग्रंथालयाची पाटी. गारगोटीला कॉलेजात तीस वर्षं सरांनी पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवला होता. प्लेटोपासून मिलपर्यंतची अकराशे पुस्तकं आता उचगावच्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पोत्यांत पडून होती, आणि सूनबाई संयोगितानं रविवारपर्यंत सोपा मोकळा मागितला होता.

संस्थेच्या संचालकांच्या शेवटच्या जागेला विश्वजित आणि पूर्णिमा, दोघांनाही दोनशे चौदा मतं पडलेली. बाकीच्या जागा दोन्ही गटांत निम्म्या-निम्म्या, त्यामुळं ज्याची ती जागा, त्याची संस्था. अशा वेळी चिठ्ठी काढायची, आणि ती लहान पोरानं. पण कुणाच्याच पै-पाहुण्यातलं नसलेलं पोर गावात सापडेना. सर मात्र दोघांचेही सर. त्यांच्यावर एकमत झालं. सबंध निवडणुकीतलं तेवढंच.

आदल्या दिवशी विश्वजित चहाला येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, चिठ्ठ्या दुधाच्या सॅम्पलच्या बाटल्यांत घालून घागरीत टाकणार. त्याच्या नावाची बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये असणार. गार लागेल ती उचलायची. सर 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही' पण म्हणाले नाहीत. खोलीला खिडक्या किती, एवढं मात्र विचारलं.

पहिलीच बाटली बोटांना गार लागली. सरांनी ती सोडली, दुसरी धरली, मग तीही सोडली. मुद्दाम दुसरी काढली तरी ती त्यांचीच निवड, चिठ्ठी कसली? ओरडून सांगावं, तर कालपासून गप्प का, हे कुणीतरी विचारलंच असतं.

त्यांनी दोन्ही बाटल्या एका मुठीत घेतल्या. हात आतच ठेवला, आणि बोलायला सुरुवात केली.

अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी मतांनी नव्हे, चिठ्ठ्यांनी नेमायचे, असं ते सांगू लागले. ॲरिस्टॉटलच्या लेखी चिठ्ठी ही लोकशाहीची रीत, आणि निवडणूक ही मूठभरांची. निवडणूक अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. विश्वजित हसला, म्हाताऱ्यानं नाटक बरं उभं केलंय, असं त्याला वाटलं असणार.

"त्यात बाया व्हत्या का?" दारातून झुंबरबाईनं विचारलं. सकाळचं दूध घालून ती तशीच थांबली होती.

"नव्हत्या. गुलामही नव्हते."

"मग आमच्या भावकीसारखंच म्हणा की."

माणसं हसली. सरांची मूठ आत फिरत होती. मग आवाज जरा उतरला, आणि ते शहाण्णव सालच्या वर्गात शिरले. तिथंही दर महिन्याला चिठ्ठी निघायची. निघेल तो महिनाभर वर्गाचा प्रमुख. एकदा चंदगडकडचा पिराजी निघाला, बोलताना अडखळणारा. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायलाच त्याला अख्खा तास लागला, आणि एकही पोरगं हसलं नाही. महिना संपला तेव्हा प्राचार्यांच्या खोलीत जाऊन मुलींसाठी बसायची खोली मागून आला तो. पावसात कौलं गळायची, बाकं मध्ये ओढून घ्यायची, आणि रूसोवर भांडण अशी जुंपायची की शेवटची एसटी चुकायची.

त्याच वर्गातली पूर्णिमा समोरच बसली होती. तीन वर्षं दर महिन्याला तिनं चिठ्ठी टाकली होती. एकदाही निघाली नव्हती. ती खाली बघून हसत होती, तेव्हाच्यासारखी.

"सर, दहा मिन्टं झाली," निवडणूक अधिकारी म्हणाला.

सरांनी मूठ दाबून बघितली. दोन्ही बाटल्या अंगाइतक्याच कोमट. कुठली कुठली, आता त्यांनाही सांगता आलं नसतं. एक सोडली, एक बाहेर काढली.

नाव विश्वजितचं निघालं.

गुलाल उडाला. विश्वजितनं सगळ्यांसमोर सरांचे पाय धरले. "सर, उद्या टेम्पो पाठवतो. पुस्तकं माडीवर चढवू या." पूर्णिमा दोन हातांवर होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त रिकामं झालं.

"टेम्पो नको," सर म्हणाले. "मी तुझं काम केलेलं नाही."

"न्हाई केलं तर न्हाई," विश्वजित डोळा बारीक करून म्हणाला. "खोलीला खिडक्या चार हाईत, सर. काल चुकून तीन सांगिटल्या."

सरांनी परत नकाराची मान हलवली. पूर्णिमाकडे वळले आणि तिला चिठ्ठीचं खरं काय ते सांगू लागले. पण ते सांगायला फ्रीजरपासून सुरुवात करावी लागत होती, आणि फ्रीजर म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकलं नसतं. ते थांबले.  तिनं पायरीवर चपला घातल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती 'येते, सर' न म्हणता गेली.

विश्वजितला जागा मिळाली, तीही न्यायानं. ते त्याला कधीच कळणार नव्हतं. पूर्णिमाला चिठ्ठीनं हरवलं, नेहमीसारखं. आणि न्याय झाला, त्याची किंमत भरली एकट्या सरांनी. पुस्तकं रविवारी सोप्यातून अंगणात आली.