बाग कुणी मागितली?

"आण्णा, बसा तरी," पंचायतीची अध्यक्षा स्वरूपा म्हणाली.

"बसायला न्हाय आलो," जोतिबा कडाडला. "शाळंला लागून बाग झाली, कारंजं झालं, घसरगुंडी झाली. आणि पोरींच्या... त्या सोयीचं काय?"

कचेरीबाहेरचा शिपाईसुद्धा दचकून उभा राहिला. सीमाभागातल्या बोरगावजवळच्या त्या गावात जोतिबाच्या शब्दाला मान होता. आज तो नातीला, आठवीतल्या करिष्माला, सोबत घेऊनच आला होता.

शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. करिष्मा सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. महिन्यातले चार दिवस तर घरीच. गेल्या आठवड्यात ती तापानं फणफणली. पाणी न प्यायल्यानंच हे झालं, असं डॉक्टरनं सांगितलं. सोमवारपासून शाळा बंद, असं तिच्या आईनं जाहीर करून टाकलं होतं. पोर वर्गात पहिली येणारी. जोतिबाचा जीव तुटत होता.

"लाज कशी वाटली न्हाय तुमास्नी?" त्यानं विचारलं.

"संडासाचं म्हणताय न्हवं?"

जोतिबानं चटकन दाराकडं बघितलं. "तेच ते. हळू बोला की."

स्वरूपाचा आवाज चढला नाही. "आण्णा, पैसा एकाच कामापुरता हुता. मुलांच्या ग्रामसभेत पोरं मागतील ते करायचं, असं ठरलं. पोरांनी बाग मागितली. तुमीबी हुतासा की टाळ्या वाजवायला."

जोतिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी माईकवर करिष्माच बोलली होती. नात अडखळली नाही म्हणून तो गावभर मिरवला होता. पोरांच्या सभेतलं मागणं एवढं कोण मनावर घेतं, असं त्याला वाटलं होतं.

शरमेनं तापलेला तो नातीवरच घसरला.

"तुला अक्कल न्हवती व्हय गं? तुझं दुखणं तुला ठावं. ते सोडून बाग मागितलीस?"

करिष्मा आजोबाकडं न बघता स्वरूपाला म्हणाली,

"आक्का, भाषणाच्या कागदावर मी संडासच लिवलेलं. आज्जानं ते खोडून बाग लिवली. चारचौघांत पोरीच्या तोंडात शोभत न्हाय म्हणून."