तिसरा टायमर

"हा तिसरा!" तिने टायमर काउंटरवर आपटला. "पंधरा दिवसांत तिसरा. तुम्ही टायमर विकता की खेळणी?"

दुकानदाराने तो उचलून नाकाशी धरला. जळका वास अजून येत होता.

तिचा संताप उगाच नव्हता. घराच्या मागच्या खोलीत चारशे वॅटचे आठ दिवे आणि त्यांच्याखाली टोमॅटोची दोन हजार रोपं. सोळा तास उजेड, आठ तास अंधार. टोमॅटोलाही झोप हवीच. पहिला टायमर जळला. दुसरा म्हणजे आगीतून फुफाट्यात. दिवे लावले ते विझवायचं नावच घेईना. रात्रंदिवसाच्या उजेडाने रोपं पिवळी पडली, अर्धी फेकून द्यावी लागली. पॉलिहाऊसवाला फोनवर म्हणाला होता, "पुढच्या खेपेला रोपं धड आली नाहीत, तर मी दुसरीकडे बघतो." तिचं ते एकमेव गिऱ्हाईक. ते गेलं की पुन्हा नोकरी, आणि नोकरी धरली तर बाबांकडे कोण बघणार?

बाबांचा ताप आणखी वेगळा. तीस वर्षं कारखान्यात वायरमन होते. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला आणि तोंडात एकच शब्द उरला, नको. चहा पुढे केला तरी "नको" म्हणायचे आणि पिऊन टाकायचे. ती टायमर जोडायला बसली की दारात खुर्ची ओढून घोकायचे, "नको, नको." त्यात डाव्या हाताने जुनी हत्यारपेटी उपसायचा नाद. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर तोच एक राखाडी ठोकळा. रोज ती चरफडत तो पेटीत परत टाकायची. आज सकाळीही टाकला होता.

तीन दिवसांपूर्वी, हा टायमर जोडताना, तिचा तोल सुटला होता. "बाबा, माझं काही चांगलं झालेलंच तुम्हाला नकोय!" तेव्हापासून बाबा चहालाही "नको" म्हणाले नव्हते. गप्प प्यायचे. आपण हे काय बोलून बसलो, हे तिला टोचत होतं, आणि तोही राग टायमरवरच निघत होता.

"वॅटचा हिशेब मी केलाय," ती दुकानदाराला म्हणाली. "टायमर सोळा अँपिअरचा, दिवे चौदाचे. बसतं की!"

"कागदावर बसतं. पण आठही दिवे एकदम लागतात तेव्हा पहिला दणका केवढा असतो! आतले पॉइंट चिकटतात, नाहीतर जळतात. ताई, टायमर कुठलाही घ्या, त्याने नुसती वेळ सांगायची. ओझं उचलायला हा कॉन्टॅक्टर, दणकट स्विचच म्हणा." त्याने फळीवरून एक वस्तू काढून तिच्यापुढे ठेवली. "कुठलाही जुना वायरमन सांगेल. घरी कुणी जाणतं नाही का?"

राखाडी ठोकळा. दोन्ही बाजूंना स्क्रू. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"आहे," ती म्हणाली. "नुसता टायमर द्या. हा घरी आहे."

घरी येताच तिने पेटीतून ठोकळा काढला आणि नव्या टायमरशेजारी बाबांपुढे ठेवला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खुर्ची मात्र मागच्या खोलीपर्यंत ओढत नेली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती बोर्डाखाली बसली आणि पहिल्या वायरीकडे हात नेला.

"नको!"

ती दचकून थांबली. बाबांचं डावं बोट वर रोखलेलं होतं, मेन स्विचकडे. तो चालूच होता.

तिने उठून स्विच बंद केला. खोलीतला बल्ब विझला आणि अंधारून आलं. खिडकीचा पडदा सरकवून ती बाबांच्या पायाशी बसली.

"बाबा, आता जोडू?"

"नको," बाबा म्हणाले आणि पहिली वायर त्यांनी स्वतःच तिच्या हातात दिली.